बायकोचा अमेरिकन व्हिसा: कोल्हापुरात बसून फाईल करताना या चुका टाळा

महिन्याला एक तरी फोन येतोच. "दादा, पासपोर्ट अमेरिकेचा आहे, लग्न झालंय, बायकोसाठी भरलेला आय-१३० अर्ज मंजूर आहे, मुंबईची मुलाखत पण झाली, पण व्हिसा अडकलाय." मी फक्त विचारतो, "तू स्वतः राहतोस कुठं?" उत्तर येतं कदमवाडी, नाहीतर कागल, नाहीतर जयसिंगपूर. पुढचं ऐकायची मला गरज उरत नाही. कारण हाच मार मी स्वतः खाल्लेला आहे.

माझा जन्म तिकडचा. चार वर्षांचा असताना घरच्यांबरोबर कोल्हापुरात आलो, शाळा इथंच झाली, अठराव्या वर्षी शिकायला परत गेलो, नोकरी केली. वडिलांची तब्येत बिघडली तेव्हा शिरोलीतली फौंड्री बघायला आलो आणि इथंच लग्न झालं. म्हणजे बायको इथं, मीही इथंच, आणि अर्ज मात्र अमेरिकेत राहायला जाण्याचा. ही परिस्थिती सरकारी फॉर्मला पटकन समजत नाही. तिला समजावून सांगावं लागतं, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत.

'डोमिसाइल'चा रकाना

आय-१३० मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकन सरकारी कचेरीकडे जाते. तिथं ३२५ डॉलर आणि १२० डॉलर अशा दोन फिया भरायच्या, डीएस-२६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज भरायचा आणि आय-८६४ जोडायचा. आय-८६४ म्हणजे बायकोचा भार सरकारवर पडू देणार नाही ही नवऱ्याची लेखी हमी. त्यात तुमचं डोमिसाइल, म्हणजे कायमचं राहण्याचं ठिकाण, कुठल्या देशात, असा एक बारका रकाना आहे. मी इमानदारीत 'इंडिया' लिहिलं. राहतो इथं, खोटं कशाला लिहू?

उत्पन्नाची काळजी मला होती, कारण फौंड्रीतला पैसा तिकडच्या हिशेबात धरला जात नाही. अमेरिकेत गेल्यावरही त्याच ठिकाणाहून चालू राहणारं उत्पन्नच धरतात. म्हणून तिकडच्या काकांना जोडीचा हमीदार केलं. काकांचा पगार दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या कितीतरी वर. मला वाटलं, झालं काम.

मुलाखतीत बायकोला विचारलं, नवरा कुठं राहतो?
"शिरोलीत."
तुम्ही अमेरिकेला कधी जाणार?
"ते ठरवतील."

हातात २२१-जीचा कागद, म्हणजे व्हिसा तूर्त अडकला. घरी आल्यावर आठ दिवस मी सगळ्या जगाला शिव्या दिल्या, मग शांतपणे फॉर्मच्या सूचना वाचल्या. त्या आधी वाचायला हव्या होत्या, हे बायकोनं एकदाच सांगितलं, पण अजून आठवतंय.

सूचनांत स्पष्ट आहे. हमी देणाऱ्या नवऱ्याचं डोमिसाइल अमेरिकेत हवं. सध्या बाहेर राहत असाल, तर बायको तिथं उतरेल त्या दिवसापर्यंत तरी तुम्ही तिकडं राहायला गेलेले असाल, हे पटवून द्यायचं. हमीदार काका कितीही श्रीमंत असोत, तुमच्या डोमिसाइलची उणीव ते भरून काढू शकत नाहीत. काका उत्पन्नाची बाजू सांभाळतात, राहण्याची नाही.

मग मी काय पाठवलं ते सांगतो. एका पानाचं पत्र: कोणत्या महिन्यात जाणार, कुठं उतरणार, काय करणार. काकांचं पत्र, की वरच्या मजल्यावरची खोली आम्हाला देतोय. बंद पडलेलं तिकडचं बँक खातं चालू केल्याचे कागद. नोकरीसाठी केलेले अर्ज आणि आलेली उत्तरं. फौंड्रीचं काम धाकट्या भावाकडं दिल्याची कागदपत्रं. दरवर्षी भरलेली अमेरिकन टॅक्स रिटर्न्स. यातला एकच कागद जड असेल असं नाही, सगळे मिळून एक गोष्ट सांगतात: हा माणूस खरंच निघालाय. माझं मत विचाराल तर टॅक्स रिटर्न आणि राहायची जागा हे दोन पुरावे नसतील, तर बाकीचे पाठवायच्या आधी ते मिळवा. व्हिसा आला, पण चार महिन्यांनी.

यावरून एक गंमत. गेल्या वर्षी एक पोरगा हे सगळं ऐकून म्हणाला, "दादा, कळलं. तहसीलला जाऊन डोमिसाइल काढतो." सेतूची पायरी चढायच्या आत त्याला फोन करून थांबवलं. अरे बाबा, तो दाखला तू महाराष्ट्राचा रहिवासी आहेस म्हणून मिळतो! इकडं आपण त्याच्या बरोबर उलटं सिद्ध करायला बसलोय.

टॅक्सचं निघालंच आहे तर, इथं राहणाऱ्या अमेरिकन नागरिकालाही रिटर्न भरावंच लागतं. उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर कर शून्य निघाला तरी. "मला कुणी नोटीस पाठवली नाही" हे कारण चालत नाही. चुकून राहिलं असेल तर मागची तीन वर्षं भरून सरळ होण्याची सोय आहे. ती सी.ए.कडून करून घ्या, आणि अमेरिकन रिटर्न येणाऱ्या सी.ए.कडूनच. जीएसटीवाल्याकडून नको.

नाव, नाव आणि परत नाव

माझ्या मते ही आपल्या भागातली सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. मुलगी जन्मली तेव्हा दवाखान्यानं कळवलं, पालिकेच्या रजिस्टरला आई-बापाचं नाव लागलं, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा. माझ्या बायकोच्या जन्माच्या दाखल्यावर लिंग होतं, तारीख होती, फक्त ती नव्हती. दाखला नाही असं नाही, पण तो कोणाचा हे त्यावरून कळत नाही.

एका एजंटानं सांगितलं, "पाचशेच्या स्टॅम्पवर ॲफिडेव्हिट करून टाका, सगळे तेच करतात." सगळे तेच करतात म्हणूनच सगळे अडकतात. नोंद अस्तित्वात असताना ॲफिडेव्हिट तिची जागा घेत नाही. नोंदणी कार्यालयात जाऊन नाव लावून घ्यायचं: शाळा सोडल्याचा दाखला, आई-वडिलांचे पुरावे, आणि चार-पाच खेपा घालायची तयारी. नोंदच सापडत नसेल, तर आधी तसा लेखी दाखला घ्यायचा, मग त्याच्या जोडीला शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. हा क्रम उलटा करू नका.

त्यात आपली रीत. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. हौस म्हणून छान आहे. पण मग तेच नाव लग्नपत्रिकेच्या फोटोत, गॅसच्या पुस्तकावर आणि आधारवर जातं, पासपोर्टवर माहेरचं राहतं, आणि मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं यावर तीन कागद तीन गोष्टी सांगतात. गायकवाड आडनावात डब्ल्यू की व्ही, हा वाद तर मी स्वतंत्र धरतच नाही.

माझी सवय अशी: लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलायची घाई करायची नाही. अमेरिकेला माहेरचं नाव चालतं. सगळी फाईल पासपोर्टवरच्या नावानं चालवा, आणि डीएस-२६० मध्ये आधी वापरलेली नावं लिहायच्या जागी तांदळातलं नावसुद्धा लिहून टाका. सासूबाईंना वाईट वाटलं तर ग्रीन कार्ड आल्यावर समजूत काढा. पासपोर्ट आधीच बदलला असेल, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र हा दोन नावांना जोडणारा पूल. त्यावरचं स्पेलिंग कार्यालयातच, टेबलाजवळ उभं राहून तपासा. घरी येऊन चष्मा लावू नका.

विवाह नोंदणीबद्दल एवढंच, की मंगल कार्यालयाची पावती आणि भटजींचं पत्र म्हणजे नोंदणी नव्हे. हसू नका, दोघांनी पाठवलंय.

पोलिसांचा चुकीचा दाखला

जिल्हा पोलिसांकडून मिळणारं चारित्र्य प्रमाणपत्र नोकरीसाठी असतं. इथं लागतं ते पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. दोन्हीसाठी हवालदार घरी येतो, म्हणून लोकांची गल्लत होते. बायको लग्नाआधी दुबईत किंवा आणखी कुठं वर्षभर राहिली असेल, तर तिथलाही लागतो. आणि तो इथं बसून मिळवायला वेळ जातो, तेव्हा पहिल्या दिवशी सुरुवात करा.

बाकीचं थोडक्यात

मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर करणाऱ्यानं आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे, असं लिहून सही केलेली हवी. नुसतं टाईप करून आणलेलं नको.

उत्पन्न कमी पडलं की काही जण उसाच्या जमिनीचा सातबारा लावतात. मालमत्ता चालते, नागरिकाच्या जोडीदारासाठी कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट. पण ती वर्षभरात विकून पैसे हातात येतील अशी हवी. सातबाऱ्यावर पाच चुलत भाऊ असतील, तर तुम्हीच सांगा.

काकांना सही करायला लावण्याआधी आय-८६४ वाचून दाखवा. पुतण्याचा घटस्फोट झाला तरी त्यांची हमी सुटत नाही. हे लपवून सही घेणं मला पटत नाही.

फाईल चालू असताना "तोवर टुरिस्ट व्हिसावर फिरून येऊ" हा शॉर्टकट सुचतोच. तिथं राहायला यायचंय असा अर्ज केलेल्या माणसाला, मी परत येणार आहे, हे पटवून द्यावं लागतं. बघा जमतंय का.

बाळ इथं झालं असेल तर त्याच्यासाठी व्हिसा भरण्याआधी थांबा. नागरिक आई किंवा बाप बाळाच्या जन्माआधी एकूण पाच वर्षं अमेरिकेत राहिलेला असेल, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, तर बाळ जन्मतःच नागरिक असतं. त्याला व्हिसा नको, अमेरिकन वकिलातीत जन्माची नोंद आणि पासपोर्ट हवा.

तिकीट काढताना लग्नाची तारीख बघा. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत उतरलात तर दोनच वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आणखी एक अर्ज, आणखी एक फी. एक जण आठ दिवस आधी उतरला. तिकीट स्वस्त होतं म्हणे.

मुंबईला मुलाखतीच्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरून थेट बीकेसी गाठायचा पराक्रम करू नका. वैद्यकीय तपासणी त्याआधी झालेली लागते, तेव्हा चार-पाच दिवस नातेवाइकांकडं मुक्काम धरूनच जा. मोबाईल आत नेऊ देत नाहीत.

आणि जाण्याआधी नवरा-बायकोनं एकदा समोरासमोर बसून बोला. परवा एकाचा फोन आला, मुलाखत पंधरा दिवसांवर. मी विचारलं, "जायचं कधी ठरलंय?"
"बघू दादा, ऊस गेल्यावर."
"आणि नाही गेला तर?"
"मग पुढच्या सीझनला."
मी म्हटलं, मग मुलाखत पण पुढच्या सीझनलाच ठेव.