गाडी थरथरते तेव्हा आधी काय तपासायचं

पाऊस उघडल्यावर शेतातून निघालेली गाडी हायवेला लागली आणि ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग हलायला लागलं, तर गॅरेज गाठण्याआधी चाकं आतल्या बाजूने धुवा. आपली काळी माती रिमच्या पोटात बसते आणि वाळली की दगडासारखी होते. चाकाचं वजन सगळीकडे सारखं करायला, म्हणजे बॅलन्सिंग करताना, ५-१० ग्रॅमची वजनं लावतात. इथे तर एकाच बाजूला पावशेर माती चिकटलेली असते. नुसता पाइप मारून ती निघत नाही, हात आत घालून खरवडावी लागते.

तरीही थरथर राहिली, तर ती नेमकी कधी होते ते दोन दिवस बघून लिहून ठेवा. उभ्या गाडीत होत असेल तर इंजिन ज्या रबरांवर बसतं ते माउंटिंग किंवा इंधन फवारणारा इंजेक्टर. पहिल्या गिअरवर सुटताना होत असेल तर क्लच. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर डिस्क; मग चाकाचे नट हवेच्या गनने वाट्टेल तसे आवळलेले नाहीत ना, तेही बघा. ते समोरासमोरचे, ठरलेल्या जोराच्या टॉर्क पान्यानेच आवळायचे. ‘आधी अलाइनमेंट करून घ्या’ हा सल्ला मात्र सोडून द्या. अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. थरथरीचं मूळ सहसा तिथे नसतं.

वेगात थरथर होत असेल तर मोकळा, सरळ रस्ता बघा, मागे कोणी नाही याची खात्री करा. ज्या वेगाला थरथर येते तिथे पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि क्लच दाबा. इंजिन बंद करायचं नाही, आणि हा प्रयोग घाटात तर मुळीच नाही. थरथर तशीच राहिली तर दोष बहुधा चाकात किंवा टायरमध्ये: स्टेअरिंग हलत असेल तर पुढची चाकं, सीट हलत असेल तर मागची. पण पाय काढताच थरथर गेली आणि पाय दिला की परत आली, तर बॅलन्सिंगवर एक रुपयाही घालवू नका.

मी घालवलेत. आमची सात सीटची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी. ६० ते ७० च्या मध्ये, पाय दाबला की खालून बारीक गुणगुण यायची. तुळजापूरला जाताना मधल्या सीटवर आई म्हणाली, ‘पायाखाली गिरणी चालू आहे का रे?’ तीन वेळा बॅलन्सिंग केलं, दोन टायर नवे घेतले. आईने पहिल्याच दिवशी नेमकं सांगितलं होतं. चाकाची थरथर जाड असते, हातात धक्के जाणवतात. दुखणं होतं प्रोपेलर शाफ्टमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब फिरत्या दांड्यात. तो चाकाच्या साधारण चौपट फिरतो. ८० च्या वेगाला चाक सेकंदाला दहाएक फेरे घेतं, तेव्हा शाफ्ट चाळीसएक. म्हणून त्याची थरथर बारीक असते आणि ती तळव्यांना कळते.

गाडी सपाट फरशीवर घ्या, चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. खाली शिरायला उंची कमी पडली तर गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मिनिटभरही नाही. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळा, मग वर-खाली हलवा. शाफ्टच्या टोकाशी जो वाकता सांधा असतो तो क्रॉस; त्यात जरासाही खेळ नको. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबडी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत. तो क्रॉस बदलायचाच. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबरही बघा.

खरी गोम पुढे आहे. माझा क्रॉस बदलला आणि थरथर दुप्पट झाली. कारण शाफ्ट खोलताना कुणी खुणाच केल्या नव्हत्या. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात किंचित कमी-जास्त होतो, आणि एका टोकाची ही चूक दुसऱ्या टोकाचा क्रॉस खोडून काढतो. त्यासाठी दोन्ही टोकं एकमेकांशी ठरलेल्या कोनातच बसावी लागतात. शाफ्टला लांब-आखूड होऊ देणारा सरकता दातेरी सांधा दाते चुकवून जोडला की दोन्ही चुकांची बेरीज होते. नवा क्रॉस, नवी टोपी, सगळं नवं असलं तरी गाडी थरथरणारच.

म्हणून बोल्टला पाना लावण्याआधी पंच मारून प्रत्येक जोडावर खुणा करा: पुढची फ्लँज (बोल्ट बसतात ती चकती), मागची फ्लँज आणि सरकत्या सांध्याच्या दोन्ही बाजू. खडूच्या खुणा डिझेलने धुताना जातात, त्यावर भिस्त ठेवू नका. शाफ्टवर बॅलन्सिंगसाठी वेल्ड केलेलं वजनाचं पत्रं सुटलं नसेल याचीही खात्री करा. मेकॅनिक म्हणेल, ‘मला लक्षात राहतं.’ त्याच्या शेजारी उभे राहा आणि खूण झाल्याशिवाय शाफ्ट उतरवू देऊ नका.

बसवल्यावर क्रॉसला ग्रीस भरायचं तोंड (ग्रीस निपल) असेल तर चारही टोप्यांमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तेवढीच माणसं बसवून चालवून बघा. मागे माणसं बसली की मागचा ॲक्सल आणि शाफ्ट यांचा कोन बदलतो. रिकाम्या गाडीत गेलेली गुणगुण भरल्या गाडीत परत आली, तर काम अजून राहिलं आहे.