रक्ती आव: पहिल्या गोळीआधी नमुना द्या

पुण्यात पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागले की मुरडा, ताप आणि शौचावाटे रक्त व शेंब पडणे अशा तक्रारी वाढतात, आणि मग डॉक्टरांकडे न जाता दुकानातून जुलाबावरची अँटिबायोटिक (जिवाणू मारणारी) गोळी आणली जाते. ती घेण्यापूर्वी शौचाचा नमुना तपासणीला द्यावा, असा माझा कळकळीचा आग्रह आहे.

रक्ती आव बहुधा शिगेला या जिवाणूमुळे होते. आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणू औषधाला दाद न देण्याचा गुण शिगेलाला देऊ शकतात, हे जपानी संशोधकांनी 1959च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे साध्या जुलाबासाठी घेतलेली अनावश्यक गोळी आतड्यातल्या जिवाणूंना औषधाची सवय लावून पुढच्या खऱ्या आजारातले औषध बोथट करू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ज्या गटातले आहे, त्या गटाला न जुमानणारा शिगेला जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024च्या प्राधान्य यादीत आहे.

लॅबमधून मिळालेल्या कोरड्या डबीत रक्त-शेंब असलेला भागच घ्यावा. त्यात लघवी किंवा भांड्यातले पाणी मिसळू देऊ नये. शिगेला शरीराबाहेर लवकर मरतो, म्हणून नमुना दोन तासांत पोहोचवावा, आणि सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीत ते जमणार नसेल तर लॅबकडे आधीच केरी-ब्लेअर माध्यमाची (नमुन्यातले जिवाणू वाटेत जिवंत ठेवणाऱ्या द्रव्याची) नळी मागावी. चिठ्ठीवर ‘कल्चर व सेन्सिटिव्हिटी’ (जिवाणू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते ते पाहणारी तपासणी) लिहिलेले आहे ना, हे अवश्य पाहावे, कारण साध्या सूक्ष्मदर्शक तपासणीत कोणते औषध चालेल हे कळत नाही.

अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पण तोवर उपचार थांबवायचे नसतात. नमुना दिल्यावर डॉक्टर सांगतील ते औषध आणि ओआरएस लगेच सुरू करावे. जुलाब दाबणारे लोपेरामाइड मात्र घेऊ नये. 48 तासांत रक्त किंवा ताप कमी झाला नाही, तर डॉक्टरांकडे परत जाऊन चालू औषधापुढे ‘रेझिस्टंट’ (जिवाणू या औषधाला दाद देत नाही) लिहिले आहे का, ते अहवालात तपासून घ्यावे. मूल सुस्त झाले, त्याला झटके आले किंवा लघवी कमी झाली, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दहा ते शंभर जिवाणूही आजार पसरवायला पुरतात, त्यामुळे जुलाब पूर्ण थांबून दोन दिवस होईपर्यंत रुग्णाने कणीक मळू नये, कोशिंबीर चिरू नये आणि घरातल्या पाण्याच्या पिंपात हात घालू नये.