पावसाळ्यातील सापाचा बंदोबस्त उंदरापासून

पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई किंवा मुठेच्या कालव्याच्या आसपास राहणाऱ्यांना पावसाळ्यात तळमजल्यावर साप निघणे नवीन नाही. बिळात पाणी शिरले की साप कोरड्या जागेकडे सरकतो, हे खरे असले तरी तो घराभोवती रेंगाळतो तो बहुधा उंदरांमुळे. म्हणून बंदोबस्ताची सुरुवात उंदरांपासून करावी आणि ते काम शक्यतो मे महिन्यातच उरकावे.

प्रथम घराभोवती एक फेरी मारावी. ज्या भोकात शिसपेन्सिल शिरते त्यातून लहान उंदीरही शिरू शकतो, हे लक्षात ठेवून गॅसच्या नळीभोवतीची जागा, एसीच्या पाइपाचे छिद्र, दाराखालची फट आणि मोरीचे तोंड बारकाईने पाहावे. फोम किंवा थर्माकोल उंदीर सहज कुरतडतो, त्यामुळे भोकात भांडी घासायची तारेची घासणी ठासून भरावी आणि वरून सिमेंट लिंपावे. मोरीवर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी पक्की बसवावी. नुसती टेकवलेली जाळी उंदीर बाजूला सारतो. अंगणातला विटांचा ढीग, जुन्या फरश्या आणि उघडा कचरा हलवावा. मांजरांसाठी रात्रभर बाहेर ठेवलेला दूधभात उंदरांच्याही पथ्यावर पडतो.

आत आलेल्या उंदरासाठी साधा पिंजराच बरा. भज्याचा तुकडा अडकवून तो भिंतीलगत ठेवावा, कारण उंदीर मोकळ्या जागेतून जाण्यापेक्षा भिंतीच्या कडेने पळतो. चिकट पुठ्ठ्यावर पाल आणि लहान सापही अडकतात. रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या वड्यांनी उंदीर काही दिवसांनी, तोही बहुधा माळ्यावरच्या अडगळीत मरतो, मग दुर्गंधीमुळे घर पालथे घालावे लागते; शिवाय असा उंदीर खाणाऱ्या घुबडालाही ते विष बाधते. झिंक फॉस्फाइडची पूड घरात आणूच नये, कारण ओलाव्याशी संपर्क येताच तिच्यातून विषारी वायू सुटतो. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचा धोका ध्यानात घेऊन हातमोजे घालावेत, लेंड्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडावे आणि मग पुसून घ्यावे.

एवढे करूनही साप आत आलाच, तर मुले आणि कुत्रे दुसऱ्या खोलीत न्यावेत, एकाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या प्रशिक्षित सर्पमित्राला फोन करावा. नजर ठेवणे शक्य नसल्यास दार ओढून खालच्या फटीत टॉवेल दाबावा. फिनेल, लसूण किंवा मीठ टाकून साप जात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सापाला मारणे हा गुन्हा आहे, आणि काठी उगारणाराच अनेकदा सापाचा चावा ओढवून घेतो.

घरात सापडणारा कवड्या बिनविषारी असून मण्यारसारखा दिसतो. कवड्याचे पांढरट पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारचे बहुधा मानेच्या थोडे मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक राहतात. मात्र घाबरलेल्या माणसाने ट्यूबलाइटच्या उजेडात ही विषाची परीक्षा घेऊ नये.

मण्यारचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, आणि पहाटे पोटदुखी किंवा जड पापण्यांनी तो उघडकीस येतो. म्हणून तळमजल्यावर खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे. दंशाची शंका जरी आली तरी आवळपट्टी, चिरा किंवा चोखणे यांपैकी काहीही न करता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून १०८ वर फोन करावा आणि रुग्णाला ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. साप पकडून सोबत नेण्याची गरज नसते, कारण आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालते.