सगळ्या देशांतल्या सिस्टीम एकाच ईआरपीवर आणायच्यात? मग आधी ही तयारी करा

ईआरपी म्हणजे खरेदी, विक्री, स्टॉक आणि हिशेब एकत्र सांभाळणारं कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यावर यायचं तर पहिलं काम म्हणजे कंपनीत आत्ता कोणकोणत्या सिस्टीम चालू आहेत त्याची खरी यादी. आयटीकडे एक यादी असतेच पण ती कधीच पूर्ण नसते, कारण एखाद्या देशातल्या ऑफिसने स्वतःच्या बजेटमधून घेतलेलं गोडाउनचं सॉफ्टवेअर, कुणीतरी दहा वर्षांपूर्वी बनवलेला मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसचा डेटाबेस, आणि मॅक्रो टाकलेल्या एक्सेल फाइल्स तिच्यात सापडत नाहीत. त्या शोधायचा सोपा मार्ग म्हणजे अकाउंट्सकडून गेल्या दोन वर्षांची सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शन आणि एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) बिलं मागवा, ज्याचे पैसे जातात ते कुठेतरी चालू असतं. दुसरा मार्ग म्हणजे महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्या माणसाच्या शेजारी जाऊन बसा, तो जेव्हा जेव्हा सिस्टीम सोडून एक्सेल उघडतो तेव्हा तेव्हा लिहून घ्या, कारण जे काम सिस्टीम करत नाही ते तिथे होतंय आणि नव्या सिस्टीममध्ये ते कुठे होणार हे कुणालातरी ठरवावं लागणारच आहे. यादीत प्रत्येक नावापुढे मालक कोण, कोणता देश, कुठून डेटा येतो, कुठे जातो, करार कधी संपतो आणि अॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे हे लिहा. शेवटचा रकाना किती ठिकाणी रिकामा राहतो ते बघाच.

मग हे का करतोय ते एका वाक्यात लिहून ठेवा. आत्ता बऱ्याच कंपन्या घाईत आहेत कारण सॅप या मोठ्या ईआरपी कंपनीच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ च्या शेवटी संपतोय आणि जास्तीचे पैसे भरून तो २०३० पर्यंत मिळतो. ही तारीख खरी आहे पण ते कारण नाही, ती फक्त मुदत आहे. कारण म्हणजे 'सगळ्या देशांचा स्टॉक एका ठिकाणी दिसला पाहिजे' किंवा 'ग्रुपचे महिन्याचे हिशेब बंद करणं (क्लोजिंग) आठवड्याच्या आत व्हायला पाहिजे' असं काहीतरी. पुढे वर्षभर ज्या ज्या मागण्या येतील त्या याच वाक्याला लावून बघायच्यात.

आता सगळ्यात अवघड भाग, आणि माझ्या मते सॉफ्टवेअर निवडण्याच्याही आधीचा. देशांच्या मागण्यांना 'नाही' कोण म्हणणार हे ठरवा. खरेदी ते पेमेंट, ऑर्डर ते वसुली, हिशेब ते रिपोर्ट अशा प्रत्येक प्रोसेसला जगभरासाठी एकच मालक हवा, कमिटी नको, माणूस हवा, आणि त्याचा शब्द देशाच्या प्रमुखावरही चालला पाहिजे. कारण प्रत्येक देश म्हणणार की आमचं वेगळं आहे. त्यातलं काही खरंच वेगळं असतं आणि काही फक्त सवय असते. नियम साधा ठेवा, कायदा सांगत असेल किंवा ग्राहकाबरोबरच्या करारात लिहिलेलं असेल तर वेगळेपण मान्य, बाकी सगळं टेम्प्लेटप्रमाणे, म्हणजे सगळ्या देशांसाठी ठरलेल्या एकाच पद्धतीने. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीचं उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे, ते स्टॉकची किंमत खरेदीच्या दराने धरायचे आणि सॅपचं रिटेलचं तयार सॉफ्टवेअर विक्रीच्या दराने धरायचं, त्यांनी पद्धत बदलायची नाही असं ठरवून सॉफ्टवेअर वळवायला घेतलं आणि सुमारे सात वर्षांनी, जवळपास ५० कोटी युरो खर्च झाल्याच्या बातम्या आल्यावर, २०१८ मध्ये काम थांबवलं. खरेदीचा दर धरणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण सवय मोठी का सॉफ्टवेअर मोठं हा निर्णय पहिल्या महिन्यात समोरासमोर बसून घ्यायचा असतो.

कायद्याने जे वेगळं आहे त्याची यादी देशवार करा आणि ती तिथल्या टॅक्सवाल्याकडून लेखी घ्या. इटलीत २०१९ पासून कंपन्यांमधली बिलं सरकारी यंत्रणेतूनच जातात, मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये इलेक्ट्रॉनिक बिल त्याहून जुनं आहे, भारतात ठरावीक उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना बिलावर आयआरएन (सरकारी पोर्टलवरून मिळणारा बिलाचा नंबर) आणि क्यूआर कोड लागतो, शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या कामावर नजर ठेवता येईल अशी कुठलीही सिस्टीम आणायची तर तिथल्या वर्क्स कौन्सिलची (कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधी मंडळाची) संमती लागते, हे आयत्या वेळी कळलं तर महिने जातात. युरोपातल्या लोकांचा डेटा बाहेरच्या सर्व्हरवर नेताना जीडीपीआर हा तिथला माहिती-संरक्षणाचा कायदा बघा, चीनमधला नेताना तिथला २०२१ चा पर्सनल माहितीचा कायदा. आणि आर्थिक वर्ष. भारताचं एप्रिल ते मार्च, ऑस्ट्रेलियात जुलै ते जून, बऱ्याच देशांत जानेवारी ते डिसेंबर, म्हणजे एकाच व्यवहाराची नोंद ग्रुपच्या आणि स्थानिक अशा दोन्ही हिशेबांत बसायला हवी, त्यासाठी समांतर लेजर (त्याच व्यवहारांचं दुसरं खातेपुस्तक) लागणार का हे सुरुवातीलाच ठरवा, मागून लावणं फार त्रासाचं असतं. खात्यांची यादीही, म्हणजे चार्ट ऑफ अकाउंट्स, एकच करा, आणि कुणी नवीन खातं मागितलं की ते उत्पादन किंवा विभागाच्या कोडवर भागतंय का ते आधी विचारा.

मास्टर डेटावर, म्हणजे व्हेंडर (पुरवठादार), ग्राहक आणि माल यांच्या मूळ नोंदींवर, जितका वेळ द्याल तितका कमीच. एकच व्हेंडर तीन सिस्टीममध्ये तीन नावांनी असतो, कुठे 'लिमिटेड', कुठे 'लि.', कुठे फक्त मालकाचं नाव, वर एका देशात तो व्हेंडर असतो आणि दुसऱ्या देशात आपलाच ग्राहक. पेमेंटची मुदत दोन्हीकडे ३० दिवसच लिहिलेली असते पण एकीकडे बिलाच्या तारखेपासून आणि दुसरीकडे माल आल्यापासून. एकाच पार्टला दोन कोड असतील तर निस्तरता येतं, पण एकाच कोडखाली दोन देशांत दोन वेगळे पार्ट असले तर चुकीचा माल गाडीत चढतो. एका गोडाउनचा बॉक्स १२ नगांचा आणि दुसऱ्याचा १० चा. जपानी येनला दशांश नसतो, कुवेती दिनारला तीन दशांश असतात, आणि जुन्या सिस्टीमने दोनच ठेवून काहीतरी जुगाड केलेला असतो, तो उघडून बघितल्याशिवाय रकमा उचलू नका. ०३/०४ ही तारीख एकीकडे ३ एप्रिल, एकीकडे ४ मार्च. डेटा एक्सेलमधून फिरवाल तर कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात, काही कोडच्या तारखा होतात, तेव्हा ते रकाने आधीच टेक्स्ट करून घ्या.

ही साफसफाई जुन्या सिस्टीममध्येच करा, 'नव्यात गेल्यावर बघू' असं म्हणू नका, नव्यात गेल्यावर कुणाला वेळ नसतो. दोन वर्षांत एकही व्यवहार नसलेले व्हेंडर आणि ग्राहक मागेच ठेवा. पत्त्यात शहर आणि देश वेगळ्या रकान्यात भरून घ्या, कारण देशाबाहेरची बँक पेमेंट नोव्हेंबर २०२५ पासून स्विफ्ट या बँकांच्या जागतिक संदेश-जाळ्यावर आयएसओ २००२२ या ठरावीक रकान्यांच्या पद्धतीने जातात आणि सगळा पत्ता एका ओळीत कोंबलेला पुढे चालणार नाही. आणि एक सांगतो, बँक खात्याचे नंबर जुळवण्याच्या या दिवसांत 'आमचं खातं बदललंय' असे फसवे ईमेल हमखास येतात, त्यामुळे प्रत्येक बदल व्हेंडरच्या आधीपासून माहीत असलेल्या फोन नंबरवर बोलूनच मान्य करायचा. ईमेलमधल्या नंबरवर नाही.

अधिकारांचं बघा. जुन्या एका सिस्टीममध्ये नवीन व्हेंडर उघडणारा माणूस आणि दुसऱ्या सिस्टीममध्ये पेमेंट सोडणारा माणूस कधी कधी एकच असतो, सिस्टीम वेगळ्या होत्या म्हणून दोन्ही अधिकार एकत्र येत नव्हते, आता येतील, म्हणजे तोच माणूस खोटा व्हेंडर उघडून त्याला पैसे सोडू शकेल. जुने रोल (अधिकारांचे संच) तसेच्या तसे उचलू नका, नव्याने बनवा आणि ऑडिटरला गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम सुरू होण्याच्या, आधी दाखवा.

जोडण्यांची यादी वेगळी काढा, बँका, कस्टम्सचा एजंट, पगाराची सिस्टीम, ग्राहकांचं ईडीआय (ऑर्डर आणि बिलांची थेट कॉम्प्युटरमधून होणारी देवाणघेवाण), वजनकाटा, बारकोड स्कॅनर, लेबल प्रिंटर. बँकेच्या टेस्टिंगला बँकेच्या सोयीनेच तारीख मिळते म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाका. बाहेरचं अॅप जोडताना लायसन्सचा करार वकिलाकडून वाचून घ्या, डियाजिओ ही दारू बनवणारी कंपनी आणि सॅप यांच्या केसमध्ये लंडनच्या कोर्टाने २०१७ मध्ये दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या वापरालाही लायसन्स लागतं असाच निकाल दिला होता.

तारीख ठरवताना धंद्याचा हंगाम बघा. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये तीन सॉफ्टवेअर एकदम सुरू केली तीही जुलैत, हॅलोविनच्या चॉकलेटच्या ऑर्डरी यायच्या तोंडावर, आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचल्या नाहीत. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने एलिझाबेथ आर्डन ही दुसरी कंपनी विकत घेतल्यावर सिस्टीम एकत्र करायला घेतल्या, २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कारखान्यात नवी सुरू झाल्यावर सुमारे ६.४ कोटी डॉलरचा माल ग्राहकांकडे जाऊ शकला नाही. दोन्हीकडे माल बाहेर पडणंच अडकलं, म्हणून मी म्हणेन की गोडाउन आणि डिस्पॅचची टेस्ट हिशेबाच्या टेस्टपेक्षा आधी आणि जास्त करा. सगळे देश एकदम सुरू करण्यापेक्षा देशागणिक जा, पहिला देश मधल्या आकाराचा घ्या, फार छोट्यात अडचणी दिसतच नाहीत. यात काही महिने अर्धे देश जुन्यावर आणि अर्धे नव्यावर असणार, आपापसातल्या खरेदीविक्रीसाठी तात्पुरत्या जोडण्या लागणार, त्याचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा. कटओव्हरला (जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जायला) शनिवार-रविवार धरताना सौदी, कुवेत, इजिप्तमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते हे विसरू नका, रविवारी तिथे ट्रक दारात उभे असतात.

रंगीत तालीम खऱ्या डेटावर, खऱ्या माणसांकडून, घड्याळ लावून, आणि निदान तीनदा. तिच्यात अर्धवट व्यवहार मुद्दाम घ्या. समजा १०० नगांची पीओ (खरेदीची ऑर्डर) आहे, ६० आले, त्यातल्या ४० चं बिल आलं. बाकी यायचे ४० एवढीच पीओ नव्या सिस्टीममध्ये उघडली तर आलेल्या पण बिल न आलेल्या २० नगांचं बिल येईल तेव्हा त्याला जुळवायला समोर काहीच नसेल, पेमेंट अडकेल, आणि छोटा व्हेंडर असेल तर तो पुढचा माल थांबवेल. म्हणून असे व्यवहार आधीच कमी करा, बिलं मागवून घ्या, आणि जे उरतील त्यांची पद्धत लिहून तीच तालमीत वापरून बघा. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता), स्टॉक आणि येणी-देणी स्थानिक चलनात आणि ग्रुपच्या चलनात दोन्हीकडे जुळली की सही कोण करणार, आणि किती वाजेपर्यंत जुळली नाहीत तर परत जुन्यावर जायचं, हे आधी लिहिलेलं हवं, पहाटे तीनला थकलेल्या लोकांनी ते ठरवू नये.

माणसांचा विचार मनापासून करा. 'की युजर' (नवी सिस्टीम तपासणारे आणि इतरांना शिकवणारे) म्हणून ज्यांना घेताय ते त्या ऑफिसमधले सगळ्यात कामाचे लोक असतात, त्यांचं रोजचं काम दुसऱ्याला द्या, नाहीतर ते दिवसा एक आणि रात्री दुसरं काम करत राहतात आणि कधी कधी गो-लाइव्हच्या महिनाभर आधी नोकरीच सोडतात. ट्रेनिंग त्यांच्या भाषेत, त्यांच्याच ग्राहकांच्या नावांवर, आणि गो-लाइव्हच्या अगदी जवळ द्या, दोन महिने आधी दिलेलं राहत नाही. सुरू झाल्यावर मदतीची टीम पहिलं महिनाअखेर आणि पहिलं तिमाही क्लोजिंग होईपर्यंत हलवायची नाही.

राहिली जुनी सिस्टीम. ती बंद कधी करायची हे पहिल्याच प्लॅनमध्ये तारखेसकट लिहा, नाहीतर दोन्हींचे पैसे भरत राहाल. भारतात कंपनीची हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात, जर्मनीत लेजर १० वर्षं, म्हणून फक्त वाचता येईल अशी प्रत काढा, आणि मूळ सर्व्हर बंद करायच्या आधी पाच वर्षांपूर्वीचं एखादं बिल, त्याची पीओ आणि पेमेंट त्या प्रतीतून खरंच सापडतंय का ते टॅक्सच्या माणसाला शोधायला सांगा. सापडलं की मग जुन्या लायसन्सची नोटीस पाठवा, कराराची मुदत आपोआप वाढायच्या तारखेआधी.