हुसेन–मॅकमहोन पत्रव्यवहारावर काम सुरू करताना

पहिल्या महायुद्धातल्या अरब राजकारणावर प्रबंध लिहायचा ठरला की बहुतेक विद्यार्थी लॉरेन्सपासून (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश अधिकारी) सुरुवात करतात. तसे करू नका. तो हेजाझमध्ये (मक्का-मदिनेचा प्रदेश) पोहोचला तेव्हा महत्त्वाची आश्वासने देऊन झाली होती. मक्केचे शरीफ हुसेन आणि कैरोतले ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री मॅकमहोन यांच्यात जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात दहा पत्रे झाली, प्रत्येकाची पाच. अरबांनी तुर्कांविरुद्ध उठावे आणि त्या बदल्यात ब्रिटनने अरब स्वातंत्र्याला पाठिंबा द्यावा, हा त्यांचा विषय. आरंभ तिथून करायचा. हा मॅकमहोन म्हणजे आपल्या ईशान्येच्या सीमारेषेला ज्याचे नाव आहे तोच. १९१४ च्या सिमला परिषदेच्या वेळी तो हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता आणि १९१५ च्या जानेवारीत इजिप्तला गेला.

दहा पत्रे एका बैठकीत वाचून होतात, आणि फसगत नेमकी तिथेच होते. मक्केला गेलेले पत्र म्हणजे बऱ्याच घासाघिशीनंतर उरलेला शेवटचा कागद असतो. ती घासाघीस तारांमध्ये आहे. म्हणून प्रत्येक पत्रासाठी एक वेगळे पान करा. वर पत्राची तारीख, खाली आधीच्या पंधरा दिवसांत कैरो–लंडन आणि लंडन–दिल्ली (उन्हाळ्यात सिमला) गेलेल्या तारा, आणि शेवटी त्या पंधरवड्यातली युद्धाची स्थिती.

२४ ऑक्टोबर १९१५ चे पत्र असे मांडून पाहा. गॅलिपोलीची मोहीम अडकली आहे, बल्गेरिया नुकताच शत्रूच्या बाजूने उतरला आहे. गॅलिपोलीच्या आघाडीवरून फुटून आलेला अल-फारूकी नावाचा तरुण अरब अधिकारी कैरोत सांगतो आहे की तुर्की सैन्यातले अरब अधिकारी उठावाला तयार आहेत, पण इंग्रजांनी लवकर उत्तर दिले नाही तर ते जर्मनांकडे वळतील. त्याचे बरेचसे दावे पुढे पोकळ ठरले. पण कैरोने ते लंडनला कळवले आणि २० ऑक्टोबरला परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी तातडीमुळे मॅकमहोनला शब्दयोजनेची मोकळीक दिली. चार दिवसांत पत्र गेले. त्यातला संदिग्धपणा कुठून आला हे ते पत्र शंभरदा वाचूनही कळणार नाही. या तारा शेजारी ठेवल्या की कळते.

तारखांकडे आधीच लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एकच पत्र एका संग्रहात १३ डिसेंबरचे, दुसऱ्यात १४ चे. पुढचे एक २५ जानेवारीचे आणि ३० जानेवारीचेही. काही जुन्या संग्रहांत आठच पत्रे आहेत, त्यामुळे अनेक लेखक पत्रव्यवहार जानेवारीतच संपवतात. मूळ तारीख हिजरी असते. पेशवेकालीन मोडी कागद वाचलेल्यांना हे नवे नाही. ‘छ १२ रमजान’ लिहिलेला कागद जंत्रीवरून लावतात तसेच इथेही लावायचे आणि चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक धरायचा. हुसेनचे पहिले पत्र २ रमजान १३३३ चे, म्हणजे १४ जुलै १९१५ चे. तुमच्या टिपणात दोन्ही तारखा लिहा आणि नंतर कोणतीही पुसू नका.

आता नकाशा. आजचा नकाशा समोर ठेवून २४ ऑक्टोबरचे पत्र वाचणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. १९१४ चा उस्मानी विलायतींचा (प्रांतांचा) नकाशा घ्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि अरब स्वातंत्र्याच्या वचनातून वगळलेला प्रदेश स्वतः आखा. पत्रात मर्सिना आणि अलेक्झांड्रेट्टा वगळले आहेत, शिवाय ‘दमास्कस, होम्स, हामा आणि अलेप्पो या जिल्ह्यांच्या पश्चिमेकडचा सीरियाचा भाग’. इंग्रजी मसुद्यात ‘जिल्हे’ आहेत, तर अरबी पत्रात ‘विलायत’ हा शब्द आहे. विलायत म्हणजे उस्मानी प्रांत असे धरले तर गणित बसत नाही: होम्स आणि हामा नावाच्या विलायतीच नव्हत्या, आणि अलेप्पोची विलायत थेट समुद्राला भिडत होती, म्हणजे तिच्या पश्चिमेला जमीनच उरत नाही. शहरे आणि त्यांचा परिसर असे धरले तर पश्चिमेला लेबनॉनचा किनारा येतो. पॅलेस्टाईन मात्र दक्षिणेला, त्या रेषेबाहेर राहते. जेरुसलेमचा संजक (विलायतीपेक्षा लहान विभाग) थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता, उत्तरेकडचे नाब्लुस आणि आक्रा बैरूत विलायतीत. पत्रात यांपैकी एकाचेही नाव नाही. १९२२ च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने दमास्कसच्या विलायतीचा अर्थ लावून पॅलेस्टाईन वगळलेले होते असे जाहीर केले. आमच्या मते हा अर्थ मागाहून बसवलेला आहे. पण त्याच पत्रातली दुसरी अट, ‘फ्रान्सच्या हितसंबंधांना बाधा न येता’, नजरेआड करून हुसेनची बाजूही पूर्ण मांडता येत नाही. दोन्ही अर्थ आखून पाहिल्याशिवाय मत बनवू नका.

‘ब्रिटिशांनी वचन दिले’ हे वाक्य प्रबंधात आले की मार्गदर्शकाने लाल रेघ ओढलीच पाहिजे. कोणत्या ब्रिटिशांनी? कैरो परराष्ट्र खात्याच्या हाताखाली होते. बसरा आणि पर्शियन आखात हिंदुस्थान सरकारच्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेणारी फौज आपल्या पुण्याच्या नावाची होती, सहावी पूना डिव्हिजन. व्हाइसरॉय हार्डिंग यांना बसरा हातचा सोडायचा नव्हता आणि मेसोपोटेमियाबद्दल आपल्याला न विचारता शब्द दिला म्हणून त्यांनी कडक तक्रार केली. तिकडे हिंदुस्थान सरकारचे पर्सी कॉक्स २६ डिसेंबर १९१५ रोजी मध्य अरबस्तानातल्या नज्दचा सत्ताधीश इब्न सऊद याच्याशी दारीनचा करार करत होते. म्हणजे एका खात्याचा पाहुणा हुसेन आणि दुसऱ्याचा त्याचा हाडवैरी. हुसेनला बंडासाठी सुरुवातीला महिन्याला सव्वा लाख पौंड, तर इब्न सऊदला पुढे पाच हजार. या दोन आकड्यांत लंडनचा कल दिसतो.

सायक्स–पिको करार (मे १९१६; उस्मानी अरब प्रदेश आपसात वाटून घेण्याचा ब्रिटन–फ्रान्सचा गुप्त करार) त्यानंतर वाचा, आधी नाही. आधी वाचला की प्रत्येक पत्रात विश्वासघात दिसू लागतो आणि पुराव्याकडे दुर्लक्ष होते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी तो छापला, त्यानंतर हुसेनला दिलेली स्पष्टीकरणे हा स्वतंत्र विषय आहे.

कागद कुठे मिळतील? घरबसल्या सुरुवात कतार डिजिटल लायब्ररीपासून करा; इंडिया ऑफिसच्या बऱ्याच फायली तिथे फुकट आहेत, मुख्यतः एल/पीएस/१० आणि एल/पीएस/१८ या मालिका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व राजकीय खात्याची ‘सीक्रेट–वॉर’ प्रोसीडिंग्ज आहेत. आधी अभिलेख पटल या पोर्टलवर शोधा. भारतातल्या विद्यार्थ्याची खरी जमेची बाजू हीच. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होते आणि ३० एप्रिल १९१५ चा असीरच्या (अरबस्तानचा नैऋत्य भाग) सत्ताधीश इद्रिसीशी झालेला करार एडनच्या रेसिडेंटने केला, त्यामुळे मुंबईच्या महाराष्ट्र पुराभिलेखागारातली एडनची दप्तरेही तपासावीत. लंडनला जाणे झालेच तर क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात एफओ ३७१/२४८६ आणि अरब ब्युरोचे (कैरोतले ब्रिटिश गुप्तवार्ता कार्यालय) एफओ ८८२ आधी मागवा. वाचकपत्र काढावे लागते. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात.

फायलीतला मजकूर वाचण्याइतकेच समासातले शेरे वाचणे महत्त्वाचे. खाली आद्याक्षरे असतात: ‘ए.एच.’ म्हणजे इंडिया ऑफिसचे आर्थर हिर्ट्झेल, ‘ए.सी.’ म्हणजे मंत्री ऑस्टिन चेंबरलेन, ‘ई.जी.’ म्हणजे ग्रे. खरे मत मसुद्यापेक्षा तिथे जास्त सापडते. प्रत्येक फोटोत फायलीचा क्रमांक आणि पेन्सिलीने लिहिलेला फोलिओ (पानाचा) क्रमांक आला पाहिजे. तो सुटला तर सहा महिन्यांनी तळटीप लिहिताना पूर्ण फाईल पुन्हा चाळावी लागते.

अरबीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. उर्दू लिपी येत असेल तर अक्षरओळखीचे काम सोपे होते, पण व्याकरणाला किमान वर्षभर द्यावे लागते. तोवर हुसेनच्या पत्रांचे इंग्रजी भाषांतर ‘मूळ पत्र’ म्हणून उद्धृत करू नका. कोणाचे भाषांतर, कोणत्या वर्षी छापलेले, हे दर वेळी लिहा. ब्रिटिश सरकारने दहाही पत्रे अधिकृतपणे छापली ती १९३९ मध्ये, पॅलेस्टाईनवरची लंडन परिषद सुरू असताना, आणि त्या छापील प्रतीवरही त्या वर्षाचे राजकारण आहे हे धरूनच ती वाचावी लागते.