एल्कसाठी हलकी रायफल घ्यायची म्हणजे

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी दरवर्षी दोघं-तिघं तरी मला विचारतात की पहिली रायफल कुठली घेऊ. एकच घ्यायची असते, हरणापासून एल्कपर्यंत (एल्क म्हणजे इथलं सांबरासारखं थोराड हरीण) सगळ्याला चालेल अशी, आणि दहा हजार फुटांवर दिवसभर खांद्यावर नेता येईल अशी. हे काम दुकानात सुरू होत नाही, म्हणून पहिल्यापासून क्रमाने लिहितो.

आधी कागद. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. कोलोरॅडोत ती परवान्यावर, नेमून दिलेल्या भागात, नेमून दिलेल्या दिवसांतच करता येते. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण करावा लागतो. तो आधी उरका. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे इथल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. मित्राची रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नुसती चालवून बघायची असली तरी आधी परवाना खिशात हवा. हे हसण्यावारी नेऊ नका, यात इमिग्रेशन पणाला लागतं. ड्रॉचे, म्हणजे परवान्यांच्या सोडतीचे, अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात आणि रायफलचे हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. म्हणजे रायफल घ्यायची ती वसंतात. सप्टेंबरात घाईने घेतली तर सराव राहून जातो.

मग जनावर ठरवा. काळविटासारखं दिसणारं प्राँगहॉर्न पन्नास किलोच्या घरातलं, म्यूल डीअर या हरणाचा मोठा नर शंभरीच्या आसपास, आणि एल्कचा नर तीनशे किलोंचा, आपल्या सांबराच्याच चणीचा पण अंगाने त्याहून थोराड. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा व्यास निदान .२४ इंच, वजन निदान ८५ ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं बारीक माप) आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा, असा नियम आहे. ही कायद्याची किमान मर्यादा झाली. आपली निवड त्याहून बरीच वर ठेवा.

आता वजन. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून लिहितो. जाहिरातीतलं वजन उघड्या रायफलचं असतं. खांद्यावर येतं ते सगळ्या लवाजम्याचं. घरी कागद-पेन घेऊन बसा. रायफल सव्वासहा पौंडांची म्हणजे १०० औंस. त्यावर ३-९ पटीची साधी दुर्बीण १२ औंस. ती बसवायच्या कड्या आणि पट्ट्या ४, खांद्याचा पट्टा ४, मॅगझिनमधली चार काडतुसं साधारण ४. बेरीज १२४ औंस, पावणेआठ पौंड, आपल्या हिशोबाने साडेतीन किलो. डोंगरात मला तरी हेच वजन योग्य वाटतं. पाच पौंडांची रायफल घेऊन तिच्यावर ५-२५ पटीची, तीस औंसांच्या पुढची दुर्बीण चढवणारे मी पाहिले आहेत. धातूत वाचवलेला औंस-औंस काचेत गेला, आणि रायफल वरच्या बाजूला जड होऊन हातात कलंडायला लागली.

कमी वजनाचं दुसरं टोकही ध्यानात ठेवा. तेच काडतूस असेल तर धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आठ पौंडांवरून सहावर आलात की धक्का एक तृतीयांशाने वाढला. शिवाय हलकी नळी हृदयाच्या ठोक्यासरशी हलते. चढ चढून धापा टाकत गुडघ्यावर बसलात की दुर्बिणीतली फुली जनावराच्या खांद्यावरून पोटापर्यंत भटकते. जरा जड नळी अशा वेळी लवकर शांत होते. हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

माझी पहिली रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमची होती. एल्क मोठा म्हणून काडतूस मोठं, एवढाच विचार केला होता. रेंजवर निशाणे डावीकडे खाली जायला लागले, तेव्हा मी दुर्बिणीला दोष देत बसलो. शेवटी शेजारच्या टेबलावरचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, मी भरून देतो, तू फक्त चाप ओढ. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला न सांगता रिकामं, दारू नसलेलं काडतूस आत घातलं. चाप ओढला, नुसती टिक झाली, आणि नळी चार बोटं खाली दबली. डोळेही मिटले होते. दुर्बीण ठाकठीक होती, मी घाबरत होतो. त्या वर्षी मी एल्कवर गोळी न झाडता परत आलो, आणि तो निर्णय बरोबर होता, असं आजही वाटतं. जखमी जनावर काळोखात निघून जाणं, यासारखं दुसरं पाप या छंदात नाही.

म्हणून काडतुसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या हलक्या रायफलला मॅग्नम नको. .३०८ विंचेस्टर, ७ एमएम-०८ रेमिंग्टन, .२७० विंचेस्टर आणि ६.५ क्रीडमोर ही चार काडतुसं बघा. यांतलं कुठलंही घ्या. मला स्वतःला ७ एमएम-०८ आवडतं. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला २,८०० फुटांच्या आसपास सुटते, आणि सारख्याच वजनाच्या रायफलीत धक्का .३०० मॅग्नमच्या निम्म्याच्या आसपास लागतो. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी आपण मराठी वाचकांनी ऐकलेली असते. ते काडतूस म्हणजे मूळचं ७×५७ माउझर, आणि ७ एमएम-०८ त्याच व्यासाचं, जवळजवळ त्याच ताकदीचं. मूस (एल्कहूनही मोठं हरीण) किंवा मोठं अस्वल डोक्यात असेल तर .३०-०६ घ्या आणि त्यापुढे जाऊ नका. ज्याचं काडतूस मीकर किंवा क्रेगसारख्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणार नाही, ते घेऊ नका. विमानात सामान हरवलं की याचं महत्त्व कळतं.

गोळी काडतुसाइतकीच महत्त्वाची. एल्कला खांद्याच्या हाडातून आत जाईपर्यंत एकसंध राहणारी हवी. जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये बाजारात आणलेली, मधे तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी आजही उत्तम काम करते. मी आता पूर्ण तांब्याच्या गोळ्या वापरतो. मांस घरी मुलं खातात, आणि शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांबपर्यंत पसरतात. उरलेल्या आतड्यांवर जगणाऱ्या गरुडांनाही ते शिसं बाधतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंदच आहेत.

दस्ता अंगावर बेतून बघा. कारखान्यातले बहुतेक दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंचांचे, पाच फूट दहा इंचांच्या माणसाला बसणारे. आपल्याकडची उंची बघता अनेकांना ते लांब पडतात, आणि त्यात नोव्हेंबरचं जाड जॅकेट आलं की आणखीच. दुकानात जाताना तेच जॅकेट अंगात घाला, मग उन्हाळा असला तरी चालेल. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र लगेच दिसलं पाहिजे. मान पुढे-मागे करावी लागली तर तो दस्ता तुमचा नाही. माझ्या बायकोच्या रायफलीचा दस्ता आम्ही इंचभर कापून घेतला, आणि तिचा नेम त्याच आठवड्यात सुधारला. माझ्या आजोबांकडे संगमेश्वरला शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. तिचा दस्ताही त्यांनी सुताराकडून आपल्या हाताच्या मापाने तासून घेतला होता.

अक्रोडाचं लाकूड दिसायला देखणं, पण बर्फात भिजलं की फुगून नळीला टेकू शकतं आणि नेम सरकतो. डोंगरासाठी सिंथेटिक बरं. नळी २२ इंचांची पुरे. तिथून खाली दर इंचामागे वेग सेकंदाला वीस-पंचवीस फुटांनी घटतो आणि आवाज वाढतो. चाप ओढायला लागणारा जोर तीन पौंडांच्या आसपास ठेवा. हातमोज्यांत त्याहून हलका धोक्याचा.

सेफ्टीचा खटका मात्र नीट पाहा. विंचेस्टर मॉडेल ७० मध्ये तो तीन जागी बसतो, आणि मधल्या जागी सेफ्टी चालू असतानाच बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) उघडून काडतूस बाहेर काढता येतं. रोज संध्याकाळी थिजलेल्या बोटांनी रायफल रिकामी करायची असते, तेव्हा हे सोपं जातं. त्याच मॉडेलची हलकी आवृत्ती, फेदरवेट, मला म्हणून आवडते, जरी ती माझ्या हिशोबात थोडी जड बसते. फिनलंडची टिका टी३एक्स लाइट वजनात आणि किमतीत बहुतेकांना परवडेल अशी, आणि कारखान्यातून निघतानाच नेमाची पक्की. दुकानात जाऊन दोन्ही हातात धरून बघा. कोलोरॅडोत दुकानदाराने तुमची पार्श्वभूमी-तपासणी सुरू केल्यावर निदान तीन दिवस थांबल्याशिवाय रायफल हातात मिळत नाही, तेवढी सोय ठेवा.

आता सराव. बारीक नळी तीन गोळ्यांत तापते आणि निशाणे पसरतात. तीन झाडा, मग दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या. शिकारीत लागते ती थंड नळीतली पहिलीच गोळी, म्हणून प्रत्येक खेपेची पहिली गोळी वहीत वेगळी नोंदवा. दुर्बिणीचा नेम २०० यार्डांवर जुळवून घ्या. ७ एमएम-०८ मग ३०० यार्डांवर सात-आठ इंच खाली पडते. एल्कच्या छातीचा जिवावरचा भाग आपल्या परातीएवढा, हरणाचा जेवणाच्या ताटाहून लहान. म्हणून कागदी ताटल्या लावून सराव करा, आणि टेबल सोडून बसून, गुडघ्यावर, सॅकवर टेकवून. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या ताटलीत जात नाहीत, ते अंतर हंगामातही तुमचं नाही. काडतुसांच्या दोन-तीन पेट्या स्वस्त दुर्बिणीच्या बचतीतून येत असतील, तर दुर्बीण स्वस्त घ्या.

निघायच्या आदल्या रात्री: अंगावर आणि डोक्यावर मिळून निदान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा, परवाना, दोन पेट्या काडतुसं, मांसासाठी कापडी पिशव्या, कारण एल्कचं मागचं एक तंगडंच वीस-पंचवीस किलो भरतं. गाडीत रायफल रिकामी. कॅम्पवर पोचल्यावर ती तंबूच्या उबेत आत घेऊ नका, काचेवर वाफ धरते आणि बोल्टमध्ये ओल जाऊन पहाटे गोठते. बाहेरच कोरड्या पिशवीत, कुलूपबंद ठेवा. आणि पहाटे काडतूस भरण्याआधी नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपचा एक तुकडा लावा. पडझडीत नळीत बर्फ गेला आणि तशीच गोळी झाडली तर नळी फाटते. टेप काढावी लागत नाही, गोळीच्या पुढे दबलेली हवाच ती उडवून देते.