तू उभी कुठे होतीस?

बारावीनंतर फाइन आर्ट्सच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होते, तेव्हा मी आमच्या बडोद्याच्या मांडवीचं, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या कमानींच्या चौकोनी इमारतीचं, एक चित्र काढलं. ए-थ्री कागद, मधोमध आडवी क्षितिजरेषा आणि तिच्या दोन टोकांना, अगदी कागदाच्या कडेला चिकटून, दोन व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे मिळतात ते ठिपके. क्लासमध्ये रीतच तशी होती. रेघ मारा, दोन ठिपके द्या, सगळ्या रेषा तिकडे न्या. मी इमानेइतबारे नेल्या, आणि आपली चौरस, ऐसपैस मांडवी नावेच्या नाळेसारखी टोकदार होऊन अंगावर आली.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक दादा राहायचा, तेव्हा फाइन आर्ट्स फॅकल्टीत तिसऱ्या वर्षाला. त्याने कागद घेतला, एक डोळा मिटला आणि कागद वीतभर अंतरावर धरला. "इथून बरोबर दिसतंय की!" मला वाटलं, थट्टा करतोय. मग मलाही तसंच बघायला लावलं. रेषेच्या मध्यासमोर डोळा नेला आणि तो नावेचा कोपरा खरोखर काटकोनात आला. "रेषा चुकल्या नाहीत तुझ्या," तो म्हणाला. "तू उभी कुठे होतीस, ते सांग."

मी कुठेच उभी नव्हते. दांडिया बाजारातल्या घरी पंख्याखाली बसून मनाने काढलं होतं.

त्या वीतभर अंतरामागचा हिशोब सोपा आहे, पण मला तो कुणी आधी सांगितला नव्हता. इमारतीच्या लगतच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोन करतात. बघणाऱ्याच्या डोळ्यातून प्रत्येक भिंतीला समांतर रेषा काढली, की ती कागदाला जिथे भेटते तो त्या भिंतीचा व्हॅनिशिंग पॉइंट. म्हणजे डोळ्यापासून दोन्ही ठिपक्यांकडे जाणाऱ्या रेषांतही काटकोनच हवा. आता शाळेतली भूमिती आठवा: अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. दोन ठिपके हा व्यास धरला, तर डोळा त्या अर्धवर्तुळावर कुठेतरी असणार आणि कागदापासून त्रिज्येपेक्षा लांब जाऊच शकणार नाही. ए-थ्रीची रुंदी ४२ सेंटीमीटर, त्रिज्या २१. झाली वीत! परीक्षक काही कागद नाकाला लावून बघत नाही. तो हातभर लांबून बघतो, आणि त्याला ती नावेची नाळच दिसते.

म्हणून सुरुवात ठिपक्यांपासून करू नका, स्वतःपासून करा. कागद डोळ्यापासून ५० सेंटीमीटरवर असेल असं धरा. इमारत ४५ अंशांत वळलेली असेल तर ठिपके मध्यापासून दोन्हीकडे ५०-५० सेंटीमीटरवर पडतात. एक भिंत कागदाशी ३० अंश करत असेल आणि दुसरी ६०, तर एक ठिपका सुमारे ८७ सेंटीमीटरवर जातो आणि दुसरा २९ वर. दोन्ही कागदाबाहेर. नवख्यांना याची धास्ती वाटते. मी घरी कागद जमिनीवर चिकटवायचे, लांबच्या ठिपक्यावर वजन ठेवून दोरा बांधायचे आणि ताणलेल्या दोऱ्याच्या बाजूने रेषा मारायचे. आई केर काढायला आली की एक व्हॅनिशिंग पॉइंट हमखास सोफ्याखाली जायचा.

अंतराचं झालं. उंचीचं मला स्वयंपाकघरात कळलं. मांडणीवरच्या डब्यांकडे बघा. खालच्या फळीवरच्या डब्यांची झाकणं दिसतात, वरच्या फळीवरच्या डब्यांचे तळ डोकावतात. मधे एक फळी अशी असते, की तिचा वरचा भागही दिसत नाही आणि खालचाही, नुसती कड दिसते. तीच तुमची आय लेव्हल. चित्रातली क्षितिजरेषा म्हणजे तीच. खाली बसा, ती तुमच्याबरोबर खाली येते. स्टुलावर चढा, वर जाते.

आता हेच रस्त्यावर न्या. माझा डोळा जमिनीपासून साधारण पाच फुटांवर आहे. सपाट रस्त्यावर मी उभी असेन, तर क्षितिजरेषा माझ्यासमोरच्या प्रत्येक वस्तूला पाच फुटांवरच कापते, मग ती वस्तू जवळ असो की लांब. सात फुटी दाराचे पाच भाग रेषेच्या खाली, दोन वर. विसर्जनाची मिरवणूक ओट्यावरून न बघता रस्त्यात उतरून बघितलीत, तर लांबच्या आणि जवळच्या माणसांची डोकी जवळपास एका रेषेत दिसतील. पाय मात्र वेगवेगळ्या उंचीवर. नवखे लांबचा माणूस लहान करतात ते बरोबर, पण त्याचं डोकंही खाली आणतात, मग तो खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. प्रवेश परीक्षेच्या चित्रांत ही चूक मी सगळ्यांत जास्त पाहिली आहे. गच्चीवर गेलात तर उलट: समोरच्या ज्या घराच्या गच्चीची कड अगदी सपाट रेघ दिसते, त्या कडेची उंची तुमच्या डोळ्याएवढी.

मांडवी सरावासाठी फार सोयीची जागा आहे. चारही बाजूंना तीन-तीन कमानी, आणि तिथून चार रस्ते जुन्या शहराच्या चार दरवाजांकडे जातात: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी. रविवारी सकाळी लवकर जा, नंतर रिक्षा आणि स्कूटरी तुम्हाला उभं राहू देत नाहीत. मधल्या कमानीतून लहेरीपुऱ्याकडे तोंड करून एक झटपट स्केच करा. मग चार पावलं डावीकडे सरका आणि पुन्हा करा. रस्त्याचा व्हॅनिशिंग पॉइंट तुमच्याबरोबर सरकतो, डावीकडची दुकानं आक्रसतात आणि उजवीकडची उघडतात. तिसरं स्केच पायरीवर बसून. तीन स्केचमध्ये जे कळतं ते पुस्तकाच्या दहा पानांत मला कळलं नव्हतं. एकच पथ्य पाळा: इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट मागे जा. मान न हलवता साधारण ६० अंशांच्या कोनात मावेल तेवढंच चित्रात घ्यायचं. त्याबाहेरचं ताणलं जातं. नंतर सेवउसळ खायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

ज्यांनी हे पर्स्पेक्टिव्हचं शास्त्र बसवलं, त्यांना बघणाऱ्याची जागा किती महत्त्वाची वाटत होती! पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाने फ्लॉरेन्सच्या बॅप्टिस्टरीचं, म्हणजे बाप्तिस्म्यासाठीच्या इमारतीचं, चित्र एका फळीवर काढलं आणि फळीला भोक पाडलं. मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून त्यात चित्र बघायचं. डोळा दुसरीकडे ठेवायची सोयच नाही. आल्बर्टी या तिथल्याच वास्तुविशारदाने १४३५ साली ही पद्धत लिहून काढली. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चच्या छतावर पोझ्झो या चित्रकाराने आकाशात चढत जाणारी खोटी इमारत रंगवली, आणि कुठून बघायचं त्या जागी जमिनीत संगमरवरी चकती बसवली आहे. चकतीवरून बाजूला झालं की खांब कलंडतात.

आपल्याकडच्या लघुचित्रांत तशी चकती शोधू नका. तिथे गालिचा वरून दिसतो आणि त्यावर बसलेली माणसं बाजूने, आणि ते चुकलेलं नाही. बडोद्याच्या तांबेकर वाड्यात भिंती भरून चित्रं आहेत, तिथे बघणारा फिरतो. मात्र स्वतः एकच जागा धरून चित्र काढायला घेतलंत, तर ती अर्ध्यात सोडू नका.

पुढे मी घरांच्या आतल्या सजावटीचं काम करू लागले आणि हाच धडा पुन्हा गिरवला. एका काकूंच्या दहा बाय आठच्या स्वयंपाकघराचं चित्र कॉम्प्युटरवर केलं. जास्त दिसावं म्हणून कॅमेऱ्याचा कोन नव्वदच्या वर नेला, डोळा साडेपाच फुटांवर. चित्रात ओटा मंगल कार्यालयातल्यासारखा लांबलचक. काकू हळूच म्हणाल्या, "हे आमचंच आहे का गं?"

घरी येऊन कोन कमी केला. काकूंची उंची चार फूट दहा इंच, म्हणून डोळा साडेचार फुटांवर आणला, दारात उभ्या असल्यासारख्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांत वरच्या फळीवर बोट ठेवलं. "इथले डबे मला खालूनच दिसतायत. काढायचे कसे?"

फळी नऊ इंच खाली घेतली.